बुधवारी राणीची बाग बंद असते

पत्र:

ताई, नमस्कार. मी बदलापूरला राहते, वय ३४, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ६ चा. सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पतपेढीतून कर्ज काढलंय, हप्ता ४,२०० चा आहे पण लवकर सुटावं म्हणून आम्ही ओढूनताणून ६,००० भरतो. रोजचा हिशोब डायरीत लिहिते, सहा महिन्यांत बाहेर जेवलेलो नाही. यांची सुट्टी बुधवारी, म्हणून मे महिन्यात मुलांना राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायचं ठरलं, महिनाभर पोरं दिवस मोजत होती. डबा घेऊन गेलो तर गेट बंद! बुधवारी बंदच असतं म्हणे. तिथेच रस्त्यावर आमचं भांडण झालं, मुलगा रडायला लागला, मग रागारागात टॅक्सी केली आणि मॉलमध्ये गेलो. सगळे मिळून २,१०० गेले. डबा तसाच परत आला, भाजी आंबली. त्याच रविवारी नणंदेकडची माणसं जेवायला यायची आणि सकाळी गॅस संपला, पुन्हा बाहेरून मागवलं. पैसे वाचावेत म्हणून मी थायरॉइडची गोळीसुद्धा दिवसाआड घेते. परवा मुलीने विचारलं, आई आपण गरीब आहोत का? मला उत्तरच देता आलं नाही. काटकसर करून लोक आनंदात कसे राहतात हो? माझी तर नुसती चिडचिड होते.
— हिशोबात अडकलेली

उत्तर:

अगं, आधी गोळीचं बोलू, बाकी सगळं नंतर. तू ते पत्रात असं मधेच एका ओळीत लिहून टाकलंयस जसं काही भाजीत कोथिंबीर कमी घातली, आणि मी तिथेच थांबले. थायरॉइडची गोळी दिवसाआड घ्यायची नसते, डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर अजिबात नाही. ती गोळी रोज उपाशीपोटी घ्यायची असते हे तुला माहीतच असेल, पण हे माहीत आहे का की थायरॉइड कमी पडलं की थकवा येतो, उदास वाटतं, बारीकसारीक गोष्टीने रडू येतं, चिडचिड होते? म्हणजे तू जे मला विचारतेयस की काटकसर करून आनंदात कसं राहायचं, त्यातलं थोडं उत्तर त्या न घेतलेल्या गोळ्यांत असू शकतं. दिवसाला दोन-तीन रुपयांचा खर्च आहे गं तो! याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, इतके दिवस कशी घेतलीस ते खरं खरं सांग, ते म्हणतील ती रक्ताची तपासणी कर, आणि स्वस्तातलं औषध चालेल का, जनऔषधी केंद्रातलं घेऊ का हेही त्यांनाच विचार, मनाने ब्रँड बदलू नकोस. डायरीत गोळीची ओळ अगदी वर लिही, घरभाड्याच्याही वर. तू आडवी पडलीस तर ते घर कोण चालवणार आहे?

आता त्या बुधवाराकडे येऊ. तू हिशोबाचं पान फोटो काढून पाठवलंस ते बरं केलंस, मी ते नीट दोनदा वाचलं. टॅक्सी १४०, मॉलमधल्या गेम झोनचं कार्ड ६००, पिझ्झा वगैरे १,१२०, येताना आइस्क्रीम २४०. झाले २,१००. आता बघ, राणीच्या बागेत आईवडील आणि दोन लहान मुलं असं चौघांचं तिकीट १०० रुपये असतं. म्हणजे गेट बंद होतं म्हणून खरं तर तुमचे १०० रुपये वाचले होते, ट्रेनचं भाडं तेवढं फुकट गेलं. ते २,१०० गेटने नाही नेले. ते रागाने नेले. आणि मी हे तुला टोचायला म्हणत नाहीये, मला यात तुझी काही फार मोठी चूकही दिसत नाही, सहा महिने मन मारून राहिलेला माणूस एका दिवसाची वाट बघतो आणि तो दिवसच हातातून जातो तेव्हा असं होतंच, वाटतं की जाऊ दे, एवढं करून काय मिळालं, आता खर्चच करू. मी माझ्या आजूबाजूला कितीतरी घरांत हे बघितलंय, बेत फिसकटला त्याचं नुकसान असतं चाळीस-पन्नास रुपयांचं आणि त्यानंतर जो वैताग येतो त्याचं होतं हजार-दोन हजारांचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की काटकसर करणाऱ्या घराला पैसे वाचवायला शिकायची गरज नसते, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतंय, त्या घराला शिकायची असते ती बेत मोडल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं.

ती पंधरा मिनिटं कशी असावीत सांगू? गेट बंद दिसलं. ठीक आहे. कोणी कोणाला "मी म्हटलं होतं ना आधी चौकशी करा" असं म्हणायचं नाही, तूही नाही आणि त्यांनीही नाही, हे घरातून निघतानाच ठरवून घ्या. सावलीला बसायचं, जागा नसेल तर सरळ भायखळा स्टेशनात परत यायचं, बाकड्यावर बसायचं, पाणी प्यायचं आणि डबा उघडायचा. डबा आधी! तुझ्या पत्रात मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं असेल तर त्या डब्याचं. सकाळी लवकर उठून तू दशम्या केल्यास, बटाट्याची भाजी केलीस, लसणाची चटणी घेतलीस, आणि ते सगळं पिशवीत खांद्याला लटकवून तुम्ही मॉलमध्ये पिझ्झा खाताय. मे महिन्याच्या उन्हात भाजी आंबणारच. उन्हात चालून आलेल्या भुकेल्या पोरांना आणि भुकेल्या नवऱ्याला घेऊन कुठलाही निर्णय घेऊ नये, दोन घास पोटात गेले की निम्मा राग तिथेच उतरतो आणि मग डोकं चालायला लागतं.

डोकं चाललं असतं तर काय सुचलं असतं? शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय नाही, तेही बुधवारी बंद असतं. पण भायखळ्याहून सीएसएमटी तिसरं स्टेशन. तिथे उतरून मुलांना ती इमारतच नुसती बाहेरून दाखवायची, १८८८ सालची, तिच्यावर दगडात कोरलेले प्राणी आणि पक्षी आहेत, मुलांना म्हणायचं मोजा किती दिसतात ते, पेंग्विन नसेना का. मग बाहेरून बेस्टची एसी डबलडेकर मिळते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर मुलांना दुसरं काही लागत नाही, तिकीट १२ रुपयांपासून. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी परत. शंभर-दीडशे रुपयांत दिवस झाला असता आणि पेंग्विन पुढच्या वेळेला राहिले असते, ते काही कुठे जात नाहीत, २०१६ पासून इथेच आहेत.

आणि हो, एक महत्त्वाचं, तुमची सुट्टी बुधवारीच असते म्हणून तुला असं वाटत असेल की राणीची बाग आता आपल्या नशिबातच नाही. तसं नाहीये. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बस आणि बुधवारी येणाऱ्या सरकारी सुट्ट्यांवर लाल गोल कर, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घे. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, म्हणजे तुमच्या बुधवारी ते उघडं सापडेल.

तू विचारलंयस लोक राहतात कसे. मी तुला माझ्या आईचं सांगते. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. मे उजाडला तरी संप सुरूच होता, पगार नाही, वाण्याचं खातं फुगलेलं. आईने दादरच्या तीन घरांच्या कुरडयांची ऑर्डर घेतली, गहू त्यांचेच, आई फक्त करून देणार. तुला माहीतच आहे किती मरमर असते, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, मग तो शिजवताना घोटून घोटून खांदा भरून येतो, एवढं करून साच्यातून पाडून गच्चीवर चटया टाकून वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं. आम्ही पोरं धावलो तोपर्यंत वळवाच्या सरीने अर्ध्या अधिक कुरडया भिजवल्या होत्या, चटईला चिकटून त्यांचा नुसता लगदा झालेला.

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मग घरात गेली, दार ओढून घेतलं, आणि रडली. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आजकाल अशा गोष्टी सांगताना लोक रडणं गाळून टाकतात आणि मग वाटतं की तेव्हाची माणसं काहीतरी वेगळ्या मातीची होती. नव्हती. ती रडली, तोंड धुतलं, बाहेर आली आणि मला म्हणाली, चार कांदे चीर. चटईवरचा लगदा तिने उलथन्याने खरवडून परातीत घेतला, स्टोव्ह पेटवला, कांदा, हिरवी मिरची, हळद, फोडणी चांगली खमंग, त्यावर त्या ओल्या कुरडया परतल्या आणि वरून कोथिंबीर. कुरडयांची भाजी आपल्याकडे करतातच की वाळलेल्या भिजवून, ही न वाळताच भिजलेली एवढाच फरक. चाळीतल्या बाराही खोल्यांत वाटी-वाटी गेली. कोणाकडून त्या बदल्यात भाकरी आली, कोणाकडून ताक. त्या रात्री आमच्या मजल्यावर जेवणं गॅलरीत झाली, सगळे जण एकत्र, मला अजून तो भाजीचा वास आठवतो आणि वडील हसत होते तेही आठवतं, त्या महिन्यांत ते फार कमी हसायचे.

पण नुकसान काही भाजीने भरून निघालं नाही हेही ऐक. दुसऱ्या दिवशी आई दादरला त्या तिन्ही घरी पायी गेली आणि सांगून आली की तुमच्या कुरडया भिजल्या, गहू मी भरून देईन. दिवाळीपर्यंत थोडा थोडा करून भरून दिला. कर्ज ते कर्जच राहिलं. फक्त त्याच्यासोबत एक चांगली रात्रही राहिली. आणि आईने त्या रात्री त्या लगद्याकडे बघून बाहेरून काही विकत आणलं नाही, होतंच कुठे म्हणा, पण घरात जे होतं त्याच्यावर आधी हात टाकला. तुझा डबा मला म्हणूनच लागला.

आता तुझ्या डायरीबद्दल. डायरी छान आहे, पण तिच्यात एक जागा नाहीये, फजितीची. किराणा आहे, दूध आहे, शाळेची व्हॅन आहे, रिचार्ज आहे, आणि मग काही बिघडलं की तू ते "इतर" मध्ये लाल पेनाने लिहितेस आणि खाली दोन रेघा मारतेस. गेल्या चार महिन्यांची पानं बघ, प्रत्येक महिन्यात काही ना काही आहेच, मिक्सरचं भांडं, चप्पल, मुलाचा ताप, रिक्षा बंद म्हणून जादा पैसे. दर महिन्याला येणारी गोष्ट आगंतुक कशी? ती तर घरचीच झाली. तेव्हा तिला तिचा हिस्सा दे. तुम्ही हप्त्यावर १,८०० रुपये जादा भरताय, त्यातले ६०० काढून एका डब्यात टाकायचे, १,२०० तरीही जादा जातीलच. कर्ज थोडं उशिरा संपेल, व्याज थोडं जास्त जाईल, मला मान्य आहे. पण गॅस संपला, गेट बंद निघालं, ट्रेन चुकली की त्या डब्यातून खर्च करायचा आणि लाल पेन वापरायचं नाही, त्यासाठीच तर ठेवलेत ते पैसे. महिन्याअखेर उरले तर पुढच्या महिन्यात राहू देत, दोन हजारांच्या वर गेले की वरचे पतपेढीत भरा. एवढं बघ की हा डबा क्रेडिट कार्डच्या किंवा ते फोनवर येणाऱ्या झटपट कर्जाच्या ऐवजी आहे, त्या वाटेला जाऊच नका, कार्डाचं थकलेलं बिल महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढतं, पतपेढी त्यापुढे देवमाणूस वाटेल.

गॅसचं पटकन सांगते. सिलिंडर लावला त्या तारखेला कॅलेंडरवर खूण कर, तीन-चार वेळा केलंस की तुझ्या घराला किती दिवस पुरतो ते कळेल. पाहुणे यायच्या आदल्या रात्री सिलिंडरला ओल्या फडक्याने उभा पट्टा पुसायचा, आत गॅस भरलेला असतो तेवढा भाग उशिरा वाळतो आणि रिकामा भाग लवकर वाळतो, अंदाज येतो. जमेल तेव्हा डिपॉझिट भरून दुसरा सिलिंडर घेऊन टाका, ती काटकसरच आहे. आणि नणंदेकडचीच माणसं होती ना गं? शेजारणीच्या गॅसवर एक कुकर लावून, दही-चटणी-पापड आणि मऊ खिचडी वाढली असतीस तरी कोणी उठून गेलं नसतं. आपण पाहुण्यांना जेवढं घाबरतो तेवढे पाहुणे वाईट नसतात.

आता लेकीचं. हे मी शेवटी ठेवलं कारण मला त्यावर विचार करायला वेळ लागला, दोन दिवस तुझं पत्र टेबलावरच होतं.

ती ९ वर्षांची आहे. तिने काय काय बघितलं ते तिच्या बाजूने बघ. घरात वर्षभर "परवडत नाही" ऐकलं, का परवडत नाही ते कोणी सांगितलं नाही. मग गेटवर आईबाबा रस्त्यात भांडले. मग अचानक टॅक्सी, पिझ्झा, गेम झोन, म्हणजे पैसे होते! मग रात्री आई डायरी घेऊन बसली आणि कोणाशी बोलली नाही. त्या पोरीला काय कळणार? तिने जो प्रश्न विचारला तो अगदी बरोबर विचारलाय, तिला हिशोब लागत नाहीये म्हणून विचारलाय.

तिला खरं सांग. म्हण, आपण गरीब नाही, आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं त्याचे पैसे आपण परत करतोय. आबा आता जिना चढतात की नाही? त्याचे ते पैसे. पतपेढीचं पासबुक तिला दाखव, सुरुवातीला किती होते आणि आता किती राहिले ते तिलाच वजाबाकी करायला सांग, तिसरी-चौथीच्या पोरीला येते ती. बघ तिचा चेहरा कसा बदलतो. ज्या गोष्टीची लाज वाटत होती तीच गोष्ट घराने मिळून केलेलं एक काम आहे हे कळलं की मुलं फार समजूतदार होतात, कधीकधी जरा जास्तच, तेव्हा तिने स्वतःहून खाऊ नको म्हटलं तर तिला म्हण, नाही, तुझा खाऊ यात मोजलेला आहे, तो तू खायचाच. मुलांनी आपली काळजी वाहायला लागू नये. पण तो ६०० चा डबा मात्र तिच्या ताब्यात दे. वर चिठ्ठी चिकटवायला सांग, तिला हवं ते नाव देऊ दे. काही बिघडलं की तिच्याकडे मागायचे आणि तिने मोजून द्यायचे. फजिती झाली की घरात ओरडा होण्याऐवजी एक लहान मुलगी डबा घेऊन येते, हे दृश्य मी एका घरात स्वतः बघितलंय आणि त्या घरातल्या बाबांचा आवाज चढलेलाच तिथे खाली आला होता.

आणि नेहमी हसतमुख राहायला हवं असं काही मनावर घेऊ नकोस. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी दार ओढून रड. नवऱ्याशीही बोल, पत्रात ते फक्त भांडताना दिसले मला, पण महिनाभर आधी सुट्टी बघून बेत त्यांनीच ठरवला होता ना? म्हणजे गेट बंद दिसल्यावर त्यांनाही किती वाईट वाटलं असेल.

आता या येत्या बुधवारी काय करा. लांब जाऊ नका, पुढचंच स्टेशन अंबरनाथ, मोठ्यांचं तिकीट ५ रुपये. पूर्वेला उतरून शिवमंदिरात जा, ऊन चढायच्या आत. शके ९८२ चा शिलालेख आहे तिथे, म्हणजे इसवी सन १०६०, सगळ्या बाहेरच्या भिंतींवर कोरीवकाम, आणि गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या, खाली अंधारात गार लागतं, पोरांना भारी आवडेल. बघायला तिकीट नाही. दशम्या ने, भाजी बटाट्याची नको, उन्हात टिकत नाही, कोरडं पिठलं किंवा शेंगदाण्याची चटणी ने. आणि डॉक्टरांकडे जाऊन आलीस की मला दोन ओळी टाक, तपासणीत काय निघालं ते मला कळायला हवंय.